चढावर गळणारी मोटार

आमच्या घरात त्या काळी घड्याळ नव्हतं. आमची सकाळ मोटारीनं व्हायची. मोटार आमची नव्हती, गावच्या सोसायटीची होती. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, तिचे ड्रायव्हर होते. घराला लागूनच सोसायटीचं गोदाम आणि गोदामाच्या पत्र्याखाली ती गोल पाठीची काळी मोटार उभी असायची. दिवस फटफटायच्या वेळी आबा पुढच्या बाजूला हँडल घालून फिरवायचे. पहिल्या फेरीला ती नुसती खाकरायची, दुसऱ्या फेरीला दम लागल्यासारखी धापायची आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला धडधडत सुरू व्हायची. त्या आवाजावर गल्लीतल्या बायका चुली पेटवायच्या. मला वाटतं, आमच्या गल्लीत त्या वर्षी देवळातल्या घंटेपेक्षा त्या हँडलवर लोकांचा जास्त भरवसा होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पाटोद्याकडचं आमचं गाव तसं कोरडवाहूच, पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि तळातले दगडसुद्धा पांढरे पडले होते. दर दोन दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोन हंडे पाणी मिळायचं. मोटार धुणं केव्हाच बंद झालेलं. आबा रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं तिची धूळ पुसायचे, खाली वाकून, उकिडवे बसून, एकेक चाक. गावातली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर जायची, तिथं मजुरीबरोबर खायला सुकडी मिळायची. घरी सोसायटीतून आलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकरी. त्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना मोडायची. माझी माय मिलो दळताना कधी गाणं म्हणायची नाही. एरवी जात्यावर बसली की तिचं तोंड थांबायचं नाही. दुपारी हुलग्याचं माडगं असायचं, पातळ, त्यात लसणाची एखादी पाकळी. आबांपुढं ठेवायच्या आधी माय ते वाडगं नाकाजवळ नेऊन हुंगायची. उन्हाळ्यात अन्न लवकर आंबतं म्हणून ती तसं करत असेल, असंच मला वाटायचं. आबा मात्र काहीही पुढं आलं तरी मुकाट्यानं खायचे, कशाला नावं ठेवायचे नाहीत. मी त्यांना फार सोशिक समजायचे.

मोटार सोसायटीच्या चेअरमनची, म्हणजे तात्यांची हौस. बीडच्या एका वकिलाकडून त्यांनी ती सोसायटीसाठी आणली होती. चांगल्या दिवसांत ते तिच्यातून तालुक्याला, जिल्ह्याला जायचे. पुढच्या सीटवर बसायचे, काच पूर्ण खाली, आणि दर मैलाला नाकात तपकीर. पण दुष्काळ पडल्यावर तात्यांनी एक गोष्ट केली, तिच्यासाठी मी त्यांना आजही मानते. त्यांनी सांगून टाकलं, "आता म्या यष्टीनं जाईन. मोटार आजारी माणसासाठी ठिवा." तेव्हापासून तलावाच्या कामावर कुणी दगडाखाली सापडलं, कुणाला उलट्या-जुलाब झाले, कुणी बाई अडली, की आबा मोटार घेऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात जायचे. जाताना माणूस पोचवायचं आणि येताना बीडच्या पंपावर टाकी भरून घाट चढून परत यायचं, असा नेम होता.

एक दिवस ती मोटार मधेच बंद पडली. मागच्या सीटवर आमच्या शेजारच्या गयाबाईची लेक सुंदर होती. जुलाबांनी तिच्यात जीव राहिला नव्हता, डोळे खोल गेलेले. मोटारीचा पेट्रोलचा काटा केव्हाच बंद पडलेला, पण आदल्याच दिवशी आबांनी टाकी भरून आणली होती, आणि अर्ध्या वाटेत टाकी ठणठणीत कोरडी. गाव मागं राहिलेलं, बीड लांब. शेवटी रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या माणसांनी एक बाज आणली, तिच्यावर सुंदरला घालून खांद्यावरून रस्त्यानं नेलं, आणि दोन-तीन मैलांवर धान्याचा एक ट्रक भेटला म्हणून ती दवाखान्यात पोचली. आठ दिवस ती तिथं होती. वाचली. पण गयाबाईनं आमच्या दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "काल भरलेलं पेट्रोल आज कावून संपलं? मोटार पेली, का माणसानं इकलं?"

आबा ओट्यावर बसले होते. ते उठून मोटारीकडे गेले.

त्यानंतर असं दोनदा-तीनदा झालं की टाकीत असायला हवं तेवढं पेट्रोल नसायचं. आबा रोज मोटारीखाली शिरायचे. पाठीवर झोपून नळी चाचपायचे, पंप चाचपायचे, इंजिनाशी जाणाऱ्या नळीचे जोड बोटानं पुसून बघायचे. जमिनीवर थेंब नाही, बोटाला ओल नाही. वर येऊन ते फक्त म्हणायचे, "कुटंच न्हाई." माय त्यांच्याकडे बघायची आणि काहीतरी सांगायचं ओठांवर आल्यासारखी गप्प बसायची. लोक बोलायला लागले. तात्यांनी निरोप पाठवला, की येत्या शुक्रवारी गोदामासमोर बैठक आहे, येताना मोटारीची किल्ली घेऊन या.

त्या शुक्रवारच्या आधी, बुधवारी, मी पहिल्यांदा त्या मोटारीत बसले. लिंबाजी नावाच्या आमच्या गावच्या माणसाची बायको बीडला बाळंत झाली होती आणि तिला घरी आणायचं होतं. बरोबर बाईमाणूस हवं, आणि घरोघरच्या बाया कामावर. मी तेव्हा सतरा वर्षांची, मॅट्रिकचा निकाल लागून घरी बसलेली. माय म्हणाली, "शांताला न्या." मी एकुलतं एक चांगलं पातळ नेसले. उतारावरून जाताना खिडकीतून येणारा गरम वारासुद्धा मला गोड लागला. दवाखान्यातून लिंबाजीची बायको आणि बाळ घेतलं. मग पंपावर गेलो. टाकीचं झाकण उघडून नळी आत घातली तेव्हा पेट्रोलचा वास मी पहिल्यांदाच इतक्या जवळून घेतला. थेट कपाळात गेला.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. घाट लागला आणि मोटारीचं नाक वर झालं, तसा तोच वास मला परत यायला लागला. आधी वाटलं, मनात राहिलाय. मी मागं बाळंतिणीशेजारी बसले होते, बाळ माझ्या मांडीवर, आणि पलीकडच्या कडेला लिंबाजी. पाठीमागून, सीटच्या फटीतून तो वास येत होता आणि एकेका वळणाला वाढत होता. बाळानं तोंड वाकडं केलं. लिंबाजीची बायको पदर नाकाला लावून म्हणाली, "मोटारीचा वास आसाच आस्तो, बाई. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं व्हतं." आणि तेवढ्यात मला दिसलं, लिंबाजीनं तोंडात बिडी धरली होती आणि काडीपेटी उघडत होता.

मी ओरडले का नाही, मला आठवत नाही. त्याच्या हातातली काडीपेटी हिसकून मी खिडकीबाहेर फेकली एवढं आठवतं. दुसऱ्या हातात बाळ होतं. आबांनी गच्चकन ब्रेक मारला.

"काय झालं रं?" ते लिंबाजीला म्हणाले.

"आबा, पेट्रोलचा वास येतोय. मागून," मी म्हणाले.

आबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. बाळंतिणीला रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं, चाकांमागं दगड लावले आणि डिकी उघडली. टाकी तिथंच, डिकीच्या तळाशी होती. डिकी उघडल्याबरोबर असा भपकारा आला की मी मागं सरले. आबा मात्र आत वाकले. वाकून त्यांनी अगदी टाकीला नाक लावलं, दीर्घ श्वास घेतला. आणि तसेच थांबले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कुटं येतो?" त्यांनी विचारलं.

"आबा, एवढा येतोय की! तुमच्या नाकाखालीच."

लिंबाजी लांब होता. आबा हळू आवाजात म्हणाले, "मला येत न्हाई, शांते. कशाचाच येत न्हाई. ल्हानपनी देवी आल्या, ताप उतरला, तवापून वासच गेला. तुझ्या मायला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला म्या सांगितलं न्हाई. ड्रायवरला वास येत न्हाई म्हनल्यावर कोन मोटार दील?"

माझ्या डोळ्यांसमोर मायच्या हातातलं, नाकाजवळ धरलेलं वाडगं आलं. सतरा वर्षं मी त्या घरात जेवत होते. मला एकदाही समजलं नव्हतं. आणि रोज संध्याकाळी मोटारीखाली झोपून, बोटांनी चाचपत, आबा काय शोधत होते आणि काय त्यांना सापडू शकत नव्हतं, हेही तेव्हाच समजलं. त्यांच्यावर रागावावं की त्यांना जवळ घ्यावं, अशी माझी स्थिती झाली. दोन्हीला वेळ नव्हता. मी पदर खोचला आणि डिकीत वाकले.

श्वास रोखून नाही, घेत घेत शोधायचं होतं. मी टाकीच्या पुढच्या कडेपासून सुरुवात केली. नळीच्या जोडाशी वास होता, पण दुरून आल्यासारखा. झाकणाच्या गळ्याशीही तसाच. मागच्या कडेला, जिथं टाकी एका लोखंडी पट्टीनं आवळलेली होती, तिथं नाक नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "हितं," मी म्हणाले. आबांनी पट्टी सैल केली. पट्टीखाली टाकीच्या वरच्या शिवणीला गंज लागला होता आणि त्या गंजातून केसाएवढ्या चिरेतून पेट्रोल पाझरत होतं. मी बोट लावलं. भर उन्हात ते बोट गार पडलं, आणि बघता बघता कोरडं झालं.

आबा मोटारीकडे, मग रस्त्याच्या चढाकडे, मग परत मोटारीकडे बघत राहिले. "सपाटीला उभी आसली का पेट्रोल हितवर येतच न्हाई," ते म्हणाले. "टाकी भरल्याली पायजे, अन् मोटार चढाला पायजे. तवाच सगळं मागं सरतंय अन् शिवनीतून गळतंय. वाळून जातंय. गावात ईस्तोवर खाली थेंब न्हाई. अन् म्या येडा तितं सपाटीला झोपून हुडकतोय."

आता माझ्या नातवाच्या गाडीत पुढं सतराशे दिवे आहेत. दार नीट लागलं नाही तरी ती पिंग पिंग करते. तो मला म्हणतो, आजी, तुमच्या वेळी कसं चालायचं? मी त्याला हे सांगितलं तर त्याला खोटं वाटेल, की त्या दिवशी आमची मोटार बाळाच्या साबणानं घरी आली. लिंबाजीच्या बायकोच्या गाठोड्यात अंगाच्या साबणाची एक अर्धी वडी होती. आबांनी ती मागून घेतली, तुकडा तळहातात मळून मऊ केला आणि अंगठ्यानं शिवणीत दाबून दाबून भरला. "साबन पेट्रोलात इरघळत न्हाई," ते म्हणाले. "घरापातूर टिकंल." टिकला. लिंबाजीनं घरापर्यंत बिडीचं नाव काढलं नाही.

शुक्रवारी गोदामासमोर माणसं जमली. बायकाही होत्या, कामावरून परतलेल्या, अंगावर खडीची पांढरी धूळ. तात्या खुर्चीवर, बाकी खाली. आबांनी किल्ली तात्यांच्या हातात दिली आणि उभेच राहिले. चिरेची हकीकत त्यांनी सांगितली, लिंबाजीनं साक्ष दिली. तेवढ्यावर भागलं असतं. पण कुणीतरी मागून म्हणालं, "एवढा वास सुटत व्हता, तर ड्रायवरला कसा आला न्हाई?" आणि आबांनी, ज्यांना एरवी चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटायचा, सरळ सांगून टाकलं.

"म्या पेट्रोल इकलं न्हाई. पर माझी बी चूक हाय. मला वास येत न्हाई. ल्हानपनापून न्हाई. म्या लपवलं. म्या सांगितलं आसतं तर दुसऱ्यानं हुंगून बघितलं आसतं, अन् गयाबाईच्या लेकीला बाजेवर जावं लागलं नसतं. आता किल्ली तुमच्याकडं हाय. तुमी काय म्हनताल ते."

माय माझ्याशेजारी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तिथं बोटं उमटलेली होती. तात्या बराच वेळ किल्ली बोटाभोवती फिरवत बसले. तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि परत मिटून खिशात ठेवली. "तिच्यायला," ते म्हणाले, "ह्याला येत न्हाई अन् मला तपकिरीपायी येत न्हाई. दोघं आमी त्या पेट्रोलावर बसून हिंडत व्हतो." कुणीतरी हसलं. तात्यांनी किल्ली परत आबांपुढं धरली. "पाटोद्याच्या उस्मानला बोलवा. अन् ह्यापुढं ही पोरगी मोटारीत संगं जाईल. तुमचं स्टेरिंग, तिचं नाक."

उस्मानचाचा डबे-कंदिलांना डाख देणारे कारागीर. पाटोद्याच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. शनिवारी सकाळी शेगडी, कथील आणि नवसागराची पुडी घेऊन ते आले. आबांनी पेट्रोल डब्यांत काढून लांब नेऊन ठेवलं, पट्टी सोडली, टाकी उतरवली आणि गोदामाच्या ओट्यावर आणली. मला वाटलं, आता ते डाख द्यायची तापवलेली खुंटी लावतील आणि झालं. उस्मानचाचांनी टाकी हलवून पाहिली आणि खाली ठेवली.

"पानी होना," ते म्हणाले. "खाली टाकी को मैं आग नहीं दिखाता. पेट्रोल निकल गया तो भी अंदर उसकी हवा रहती. एक बार धोना, फिर चिरेच्या खालपर्यंत भरना. नहीं तो मैं भी जाऊँगा और तुमारा गोदाम भी."

"किती पानी?" आबांनी विचारलं.

"धोने को एक हंडा. भरने को तीन."

टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि आता उद्याच येणार होता. आमच्या घरात होते ते दोन हंडे. माय आत गेली आणि एक डोक्यावर, एक कडेवर, दोन्ही घेऊन आली. एकानं टाकी धुतली. दुसरा आत ओतला. चाचांनी काडी घालून पाणी मोजलं आणि मान हलवली. आबा म्हणाले, "उद्या टँकर आला का करू." पण तलावावरून त्याच सकाळी एका माणसाचा पाय चेचल्याचा निरोप आलेला होता आणि त्याला कामावरच्या मुकादमानं बैलगाडीत घालून गावाकडे आणायला काढलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा गयाबाई आली. तिच्या डोक्यावर हंडा होता. तो उतरवायला तिनं कुणाची मदत घेतली नाही. आबांकडे बघितलंही नाही. उस्मानचाचांना विचारलं, "वतू का?" आणि स्वतःच्याच हातानं सगळा हंडा टाकीत ओतला, शेवटची धारसुद्धा. मग मायकडे वळून म्हणाली, "म्या तुझ्या दारात वाईट बोलले व्हते."

माय म्हणाली, "तुझी लेक व्हती. म्या बी बोलले आसते."

मग एकेक जण आली. कुणी कळशी, कुणी तांब्या. लिंबाजीची ओली बाळंतीण स्वतः उठून आली नाही, पण तिनं सासूबरोबर एक गडवा पाठवला. मला तो गडवा अजून दिसतो. पाणी चिरेच्या खाली बोटभर आलं तेव्हा चाचा म्हणाले, "बस." तरीही मागं दोघी कळश्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या आमच्या घरी नेऊन, आमच्या रिकाम्या हंड्यात ओतल्या.

उस्मानचाचांनी शिवण घासून चकचकीत केली, नवसागर लावला, तापलेल्या खुंटीनं कथील पाघळवून चिरेवर धरलं. खालचं पाणी उष्णता ओढून घ्यायचं, म्हणून कथील धरेना. त्यांना तीन वेळा खुंटी तापवावी लागली. चौथ्या वेळी ते चांदीसारखं पसरलं आणि बसलं. मग त्यांनी टाकी तिरपी करून पाणी त्या डाखावर आणलं आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. ओल आली नाही. ते पाणी ना माणसाच्या उपयोगाचं, ना जनावराच्या. आबांनी ते गावाबाहेर खड्ड्यात ओतलं, त्या वेळी कुणी हळहळलं नाही.

चेचलेल्या पायाचा माणूस दुपारी बीडला निघाला, आणि त्याच्याबरोबर मीही. पुढं दुष्काळ सरेपर्यंत मी त्या मोटारीत मागं बसत राहिले. उलट्या धरल्या, डोकी मांडीवर घेतली, एकदा वाटेतच बाळंतपण झालं तेव्हा हात दिले. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मला नर्सिंगला ये म्हटलं आणि मी गेले. चौतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात मी कुणाकुणाचे आभार मानले, पण त्या भाषणात हंडे-कळश्यांचं सांगायचं राहून गेलं. ते इथं लिहून ठेवते.

त्या शनिवारी परत येताना आम्ही दोघंच होतो. पंपावर टाकी काठोकाठ भरली. घाट चढताना आबा सारखं आरशातून माझ्या तोंडाकडे बघत होते. वर आल्यावर त्यांनी मोटार चढावरच उभी केली, चाकांना दगड लावले आणि डिकी उघडली.

"बग."

मी वाकले. शिवणीला नाक लावलं. कथलाचा, गरम पत्र्याचा वास, बस.

"न्हाई येत, आबा."

"परत बग."

मी परत बघितलं. "न्हाई."

त्यांनी डिकी लावली आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग लाजल्यासारखे विचारते झाले, "शांते, कसा आस्तो गं पेट्रोलचा वास?"

मी डोळे मिटून पंपावरचा वास आठवला. "गार आस्तो," मी म्हणाले. "अन् जरा गोड. चांगला वाटतो. पर लई वेळ जवळ ऱ्हायलं का डोकं दुखतं."

आबांनी डिकीवरचा हात काढला. "मंग तुझ्या मायवानीच हाय की," ते म्हणाले, आणि हसायला लागले. महिनोन् महिने मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले. गाव येईपर्यंत आम्ही थांबून थांबून हसत होतो.

माय दारात उभी होती. "गळती थांबली का?" तिनं विचारलं. थांबली, म्हणून आम्ही सांगितलं. "मंग एवढं हसायला काय झालं?" ते मात्र आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.